आधी पाणी तोडलं

१९९४ मध्ये रवांडात हुतू जहालांनी तुत्सींचा वंशसंहार केला, त्यात मुराम्बीच्या टेकडीवर काय घडलं ते सांगणारा प्रत्येक जण एक वाक्य बोलतो आणि पुढे निघून जातो. टेकडीवरच्या शाळेत आसऱ्याला जमलेल्या तुत्सींचं पाणी तोडलं. मग लगेच हल्ला, ग्रेनेड, कोयते, खड्डे येतात आणि त्या सगळ्याखाली हे एवढंसं वाक्य दबून जातं. मला ते सोडवत नाही. पाणी आपण होऊन तुटत नसतं, त्यासाठी कुणाला तरी उठून जावं लागतं. लाइन कुठून येते, व्हॉल्व्ह कुठे आहे, तो गंजला असेल तर किती लांबीचा पाना लागेल, पाइप कापायचा तर नेमका कुठे कापायचा म्हणजे दुरुस्त करता येणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस लागतो. एरवी त्याच माणसाला गावातल्या बायका नळाला धार येत नाही म्हणून बोलावून आणत असतील. त्या दिवशी तो आपलं नेहमीचं काम करून घरी गेला. जेवलाही असेल.

हिशोब मांडला की ते काम काय होतं ते कळतं. त्या शाळेचं आज स्मारक आहे, तिथं मृतांचा आकडा ५०,००० लिहिलेला आहे. इतर काही अंदाज त्याहून बरेच कमी आहेत, अगदी वीस हजारांच्या आसपासचेही. आपण कमीचाच धरू. वीस हजार माणसांना नुसतं प्यायला, माणशी तीन लिटर म्हटलं तरी दिवसाला साठ हजार लिटर लागतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको, दहा हजार लिटरचे सहा टँकर. पन्नास हजार धरले तर पंधरा टँकर. आपत्तीच्या छावणीत स्वयंपाक आणि स्वच्छता धरून माणशी दिवसाला पंधरा लिटर हवेत असं मदतकार्यातलं प्रमाण आहे. त्या मापानं पन्नास हजारांना पंच्याहत्तर टँकर होतात. आणि ही शाळा पुरती बांधूनही झाली नव्हती. एप्रिल म्हणजे तिथला मोठ्या पावसाचा महिना, पण पत्र्याच्या वळचणीला भांडं लावून इतक्या तोंडांना किती पाणी मिळणार? पहिल्या दिवशी पोरं रडतात, दुसऱ्या दिवशी रडणं कमी होतं. तान्ह्या बाळांच्या आयांचं दूध आटतं. धडधाकट माणसाचेही हात जड होतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. या माणसांकडे प्रतिकाराला दगड आणि बांधकामाच्या विटाच होत्या. वीट फेकायला खांद्यात जोर लागतो, आणि तो जोर पाणी तोडणाऱ्यानं आधीच काढून घेतला होता.

गोळी नंतर आली.

मुराम्बीला जायचं तर किगालीच्या न्याबुगोगो बसस्थानकावरून सकाळी लवकर निघावं. दक्षिणेला हुये, म्हणजे जुनं बुतारे, तिथवर अडीच-तीन तास. तिथून पश्चिमेला न्युंग्वेच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर न्यामागाबे लागतं. १९९४ मध्ये याचं नाव गिकोंगोरो होतं, जुने नकाशे आणि खटल्यांची कागदपत्रं बघताना हे लक्षात ठेवावं लागतं. गावातून स्मारक दोन-तीन किलोमीटरवर आहे. चालत जाता येतं, नाहीतर मोटो, म्हणजे मागे बसवून नेणारी मोटारसायकल मिळते. मोटोवाल्याला थांबायला सांगायचं की परत बोलवायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण आतून बाहेर आल्यावर भाव ठरवायची मनःस्थिती राहत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळा देश उमुगांडा, म्हणजे सार्वजनिक श्रमदानात असतो. त्या दिवशी दुपारपर्यंत दारं उघडत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना देशात २००८ पासून बंदी आहे, तेव्हा पाण्याची बाटली कापडी पिशवीत न्यावी. पाणी न्यावंच. तिथं पोचेपर्यंत ते निम्मं संपलेलं असतं, आणि फाटकाशी उभं राहून उरलेलं पिताना घोट अडकतो.

वाट लाल मातीची, दोन्ही बाजूंना केळी, घेवड्याचे वेल, निलगिरी. हवा आपल्या महाबळेश्वरसारखी. उंची त्याहूनही जास्त, पार अठराशे-एकोणीसशे मीटरपर्यंत. शाळेची टेकडी फार उंच नाही, आणि नेमकं तेच वाईट आहे. तिच्या चहूबाजूंना खोल दऱ्या, आणि दऱ्यांपलीकडे तिच्याहून उंच डोंगर. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की हे सौंदर्य डोळ्यांत मावत नाही. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, सकाळचं धुकं, कुठल्या तरी घरातून वर चढणारा धूर. जरा वेळानं ध्यानात येतं की इथून जितकं दिसतं त्याहून जास्त तिकडून इथलं दिसत असणार. कोण आलं, किती आले, कोण पळू बघतंय, सगळं. आपल्याकडे गड उंचावर बांधले ते खालचा माणूस दिसावा म्हणून. इथं आसऱ्याला आलेली माणसं वाटीच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर बसवली होती. ती आपल्या पायांनी आली होती. आधी चर्चकडे, सरकारी कचेरीकडे गेली होती, तिथून त्यांना सांगण्यात आलं की शाळेवर जा, तिथं एकत्र राहिलात तर संरक्षण देता येईल. विखुरलेली माणसं शोधत फिरायला वेळ लागतो. एकत्र आलेल्यांची मोजदाद होते.

२१ एप्रिल १९९४ ला पहाटे तीनच्या सुमाराला मोठा हल्ला झाला. त्याआधीचा एक हल्ला लोकांनी दगडविटांनी परतवला होता. या वेळी बंदुका आणि ग्रेनेड घेऊन जांदार्म म्हणजे सशस्त्र पोलीस होते, त्यांच्यामागे इंतेराहाम्वे ही हुतू जहालांची सशस्त्र टोळी आणि आसपासचे गावकरी कोयते, खिळे ठोकलेले सोटे घेऊन. उजाडल्यावर मारेकरी तिथूनच सियानिका आणि कादुहाच्या चर्चकडे निघाले, तिथंही हजारो लोक आसऱ्याला होते. एका दिवसात तीन ठिकाणं. निवृत्त लेफ्टनंट कर्नल अलोइस सिंबा याला मुराम्बी आणि कादुहाच्या हत्याकांडासाठी रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००५ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. गिकोंगोरोचा प्रीफेक्ट, आपल्या भाषेत जिल्हाधिकारीच, लॉराँ ब्युसिबारुता पुढे फ्रान्समध्ये राहत होता. त्याला पॅरिसच्या न्यायालयानं वंशसंहारातल्या साथीबद्दल वीस वर्षांची शिक्षा सुनावली ती जुलै २०२२ मध्ये. अपील सुनावणीला येण्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, तो वारला. हत्याकांडापासून शिक्षेपर्यंत अठ्ठावीस वर्षं. इतक्या वर्षांत त्या पहाटे पाठीवर बांधलेलं मूल स्वतः आईबाप व्हायच्या वयाला आलं असतं.

वंशसंहाराच्या त्या शंभर दिवसांत मारेकरी आपसांत 'मारायला जाऊ' असं फारसं म्हणत नसत, 'कामाला जाऊ' म्हणत. तिथल्या भाषेत, किन्यारवांडात, 'गुकोरा' म्हणजे काम करणं. हत्यारांना अवजारं म्हणायचं, झाडी कापणं म्हणजे लपलेल्यांना हुडकून मारणं. रेडिओवरूनही हीच बोली चालायची. शेतकऱ्याची, मजुराची, रोज सकाळी उठून घराबाहेर पडणाऱ्या माणसाची ही भाषा. मला वाटतं, त्या पाना घेऊन गेलेल्या माणसाला समजून घ्यायचं तर या शब्दातूनच घ्यावं लागेल. तसाच नाक्यावर अडथळा उभारून ओळखपत्रं तपासणारा, बेल्जियन अमदानीपासून त्या पत्रावर असलेला 'हुतू, तुत्सी की त्वा' हा रकाना वाचून एका बाजूला उभा राहा म्हणणारा. नंतर खड्डे खणायला यंत्रं आली तेव्हा ती चालवणारा, त्यात डिझेल भरणारा. एकेकाचं काम तुकड्यातुकड्यांनी पाहिलं तर कुठल्याही गावात चालणारं. तुकडे जोडले की मुराम्बी होतं.

जूनच्या अखेरीला सुरक्षा परिषदेच्या ठरावानुसार फ्रेंच सैन्य 'ऑपरेशन टर्क्वाझ'साठी आलं आणि त्यांच्या एका तुकडीचा तळ याच शाळेत पडला. तोवर माणसं मातीखाली गेली होती. आज आवारात छोटे फलक आहेत. एकावर फ्रेंच झेंडा फडकत होता ती जागा, दुसऱ्यावर फ्रेंच सैनिक इथं व्हॉलीबॉल खेळत असं लिहिलंय. शेजारीच सामुदायिक थडग्याचा खड्डा. मैदान म्हणजे साधं गवत, एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेमागे असतं तसं. या वंशसंहारातल्या फ्रान्सच्या भूमिकेवर इतिहासकारांच्या समितीनं मार्च २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात जड आणि चिरडून टाकणाऱ्या जबाबदारीचा उल्लेख आहे, प्रत्यक्ष साथीचा पुरावा मात्र त्यांना सापडला नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण त्या गवताच्या तुकड्यापाशी उभं राहिल्यावर अहवालातले शब्द आठवत नाहीत. कान उगाचच चेंडूच्या आवाजाचा कानोसा घेतात.

मग वर्गखोल्या.

लाल विटांच्या बैठ्या इमारती, एकामागे एक. सोबतचा मार्गदर्शक कुलूप काढतो, दार ढकलतो आणि बाजूला होतो. बहुतेक वेळा तो आत येत नाही. आधी वास येतो. कुजकट नव्हे. आंबूस, दमट, घशाशी चिकटणारा, आणि त्यात ओल्या चुन्याचा करकरीतपणा. मग लाकडी पट्ट्यांच्या बुटक्या मांडण्या दिसतात आणि त्यावर पांढरी माणसं. खड्डे उकरल्यावर त्यांतल्या बहुतेकांना सन्मानानं पुन्हा पुरलं, आठशेच्या वर देह चुना लावून ठेवले. खोल खड्ड्यात दाटीनं पुरलेल्या देहांच्या मधल्या थरांना हवा लागत नाही, चिकणमाती गच्च बसते, कुजणं मंदावतं. म्हणून इतक्या महिन्यांनीही ते देह देहासारखे निघाले. कुणाच्या डोक्यावर अजून केसांचा पुंजका आहे. कुणाचा हात चेहऱ्यापुढे आडवा आहे, वार अडवताना होता तसाच. कुणाच्या मनगटात काही अडकलेलं. एका खोलीत सगळी लहान मुलं.

चुना मृतदेह विरघळवतो असा एक जुना समज आहे. तसं होत नाही. कळीचा चुना ओलावा शोषून तापतो, विरतो, आणि त्याच्या दाहक क्षारतेत जंतू टिकत नाहीत. देह कोरडा पडतो, आकसतो, मोठी माणसंही मुलांएवढी दिसू लागतात. पण चुन्याचं हे बळ कायम टिकणारं नाही. पानवाल्याच्या डबीतला चुना उघडा राहिला तर त्यावर कडक साय धरते ना, तेच इथं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू खडू बनतो, क्षारता जाते, भुकटी सुटून खाली पडते. मग पावसाळ्यात, मार्च ते मे, खोलीत दमट हवा शिरली की बुरशी डोकं काढते. पुन्हा चुना लावावा तर जुना आधी मऊ ब्रशनं झटकावा लागतो, आणि वाळलेल्या कातडीला ब्रशही सोसत नाही. बोटांची टोकं आधी तुटतात, मग कान, मग सांधे. काम करणाऱ्याला मास्क, हातमोजे, चष्मा लावावा लागतो, कारण चुन्याची धूळ डोळा जाळते, छातीत बसते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर दमटपणा, किडे, उंदीर. बंद ठेवाव्यात तर वास आणि साचलेली हवा. म्हणून अलीकडे इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या मदतीनं काही मोजके देह हवाबंद काचेच्या पेट्यांत ठेवण्याचा मार्ग घेतला गेला. काचेआड वास येत नाही आणि बघणाऱ्याचा श्वास त्यांना लागत नाही. कसोटी आतली हवा कोरडी राखण्याची आहे. पेटीची एक सांध नीट बसली नाही तर काचेच्या आतून दव धरतं.

कपड्यांचं काम आणखी किचकट. खड्ड्यातून निघालेले कपडे मातीनं, रक्तानं, शरीराच्या स्रावांनी कडक झालेले असतात. धुवावेत अशी आपल्या हाताची ओढ असते. पण धुतलं की पुरावाही धुतला जातो, आणि कुजलेला धागा पाण्याच्या भारानंच तुटतो. आधी सुकवायचं, सावलीत, उन्हात नाही, कारण उन्हानं रंग उडतो. मग मऊ ब्रशनं धूळ काढायची, बुरशीचे डाग वेगळे नोंदवायचे. दोरीवर टांगले तर सगळा भार खांद्याच्या शिवणीवर येऊन तिथंच फाटतात. आडवे पसरून, घड्यांत आम्लरहित कागद घालून ठेवले तर टिकतात. न्यामाटाच्या चर्चमधल्या, म्हणजे अशाच दुसऱ्या एका स्मारकातल्या, कपड्यांवर अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी रवांडातल्या कर्मचाऱ्यांबरोबर असं काम केलं आहे. ज्या हातांना हे रोज करावं लागतं त्यांच्यात वाचलेल्यांची, मेलेल्यांची नातलगं असतात. एखाद्या सदऱ्याची काज-बटणं मोजताना तो कुणाचा होता हे कळण्याची शक्यता त्यांच्यासाठी शिल्लक असते.

हे देह असे ठेवावेत का, यावर रवांडातच दोन मनं आहेत. काही वाचलेल्यांचं म्हणणं, आमच्या माणसांना माती द्या, पाहुण्यांपुढे ते असे किती दिवस उघडे पडून राहणार. काहींचं म्हणणं, पुरलंत तर उद्या कुणीतरी म्हणेल की असं काही झालंच नव्हतं. म्हणणारे आजही आहेत. कपाळावर गोळीची खोक असलेला, ही खोली ती खोली उघडून दाखवणारा एक वाचलेला माणूस इथं कित्येक वर्षं किल्ल्या सांभाळत होता. त्याची बायको-मुलं याच टेकडीवर मारली गेली होती. त्याच्या बाजूनं विचार केला की 'ठेवा' म्हणावंसं वाटतं. मांडणीवरच्या त्या मुलांकडे पाहिलं की वाटतं, यांच्यावर कुणीतरी पांघरूण घाला. माझा कौल असा: थोडेच ठेवावेत, जेवढे नीट सांभाळता येतील तेवढेच, आणि बाकीच्यांना जमिनीत विसावू द्यावं. भुकटी होत चाललेला देह पुरावा म्हणूनही टिकत नाही आणि त्याची विटंबना होते ती वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यामाटा, गिसोझी, बिसेसेरो या इतर स्मारकांबरोबर मुराम्बी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. त्यामुळे पाहुणे वाढतील. वाढलेल्या पाहुण्यांपेक्षा वाढलेला देखभालीचा पैसा महत्त्वाचा.

जाणाऱ्यानं दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. खोल्यांत फोटो काढायचे नाहीत, फोन खिशातच राहू द्यावा. मांडणीला हात टेकू नये. दार अरुंद आहे, खांद्यावरची पिशवी मागे सरकून लागते, ती पुढे घ्यावी. कुणालाही 'तुम्ही हुतू की तुत्सी' असं विचारू नये. या प्रश्नानं माणसं मेली आहेत, आणि आजच्या रवांडात तो कुणी विचारत नाही. ७ एप्रिलपासूनचा आठवडा आणि त्यापुढचे जुलैच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस स्मरणाचा काळ असतो, 'क्विबुका' म्हणतात त्याला. २१ एप्रिलला टेकडीवर आसपासच्या गावांतून माणसं येतात. त्या दिवशी परक्यानं मागच्या रांगेत राहावं. पाहून झाल्यावर लगेच परतीची घाई करू नये. बाहेर गवतावर जरा बसावं. कपड्यांना वास धरतो, बसमध्ये तो जाणवतो, आणि शेजारी बसलेल्या न्यामागाबेच्या माणसाला तो ओळखू येतो. तो काही बोलत नाही, थोडा सरकून जागा देतो.

संध्याकाळी पाचला दारं बंद होतात. एकेका खोलीचं कुलूप लागत जातं, तोवर समोरच्या उतारावरून मुलं पाणी घेऊन वर चढत असतात. पिवळे जेरीकॅन, मूळचे खाद्यतेलाचे. मोठ्यांच्या डोक्यावर वीस लिटरचा, खाली केळीच्या सोपट्याची चुंबळ, तिला ते 'इंगाता' म्हणतात. लहानग्यांच्या हातात पाच लिटरचा. बूच हरवलेलं असेल तर तोंडात कच्चं केळं घट्ट खोचलेलं असतं. चढ उभा आहे, कॅन हिंदकळतो, केळ्याच्या कडेनं थोडं पाणी झिरपून कपाळावरून खाली येतं, आणि पोरगी चालता चालता मान न हलवता जिभेच्या टोकानं ते टिपून घेते.